छत्राची चौथी दांडी

चर्चचं वर्ष एकतीस डिसेंबरला संपत नाही. ते नोव्हेंबरच्या अखेरीस, ख्रिस्तराजाच्या रविवारी संपतं आणि पुढच्या रविवारी आगमनकाळ लागला की नवं वर्ष सुरू होतं. हे मला फार लहानपणापासून माहीत होतं, कारण वर्षाच्या त्या शेवटच्या रविवारी आमच्या घरात दरवर्षी कुणीतरी जेवणाच्या ताटावर रुसून बसायचं. ती बहुतेक वेळा मीच असायचे. माझे वडील, म्हणजे आबा, कधीच रुसले नाहीत, आणि माझ्यातला निम्मा राग त्याचाच होता.

त्या रविवारी दुपारी मिस्सानंतर, म्हणजे मुख्य उपासनेनंतर, चर्चमधून शोभायात्रा निघायची. फादर दोन्ही हातांत पवित्र साक्रामेंत, म्हणजे सोनेरी पात्रातली पवित्र भाकर, धरून चालायचे, त्यांच्या डोक्यावर पांढऱ्या रेशमी कापडाचं छत्र, आणि छत्राच्या चार कोपऱ्यांना चार दांड्या धरलेले चार पुरुष. मागून आम्ही सगळे जपमाळ म्हणत गल्लीतून कॉन्व्हेंट शाळेच्या मैदानापर्यंत जायचो आणि परत यायचो. रस्त्यावरचे लोक सायकली थांबवून बघायचे. त्या चौघांची नावं आदल्या रविवारी सूचनांच्या वेळी वाचली जायची. कोणी आमदार झाल्यासारखं ते वाटायचं. घरच्यांची मान आठवडाभर ताठ.

आबांचं नाव कधी वाचलं गेलं नाही.

का, ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीत, गोव्याकडून, मंगळूरकडून नोकरीनिमित्त आलेली घरं होती. बँकेतले, शाळेतले, मोठ्या कचेरीतले लोक. ते पुढच्या बाकांवर बसायचे. आणि आम्ही होतो, गारगोटीकडच्या खेड्यांतून आलेले, ज्यांचे आजे ख्रिस्ती होण्याआधी कोण होते हे सगळ्यांना पक्कं ठाऊक असलेले. आबांसारखे सुतार, गवंडी, दवाखान्यातल्या आया. आम्ही मागे बसायचो. सणाच्या आधी सतरंज्या झटकायला, मांडव घालायला, मैदान सारवायला आम्ही. छत्र धरायला ते. एकाच वेदीवरची भाकर आम्हा सगळ्यांच्या जिभेवर पडायची, त्यात भेद नव्हता. भेद दांडीपाशी सुरू व्हायचा. आणि त्या दिवशीचं प्रवचन दरवर्षी काय, तर आपला राजा गरिबांचा राजा आहे. मी मागच्या बाकावर दात-ओठ खात ते ऐकायचे.

आबांनी एकदाच, मी पाचवी-सहावीत असताना, जुन्या फादरांना विचारलं होतं. फादर गोड हसून म्हणाले, पुढच्या वर्षी नक्की. आबांनी ते खरं मानलं. चर्चचं पुढचं वर्ष आठ दिवसांत लागतं, तसं ते लागलं, संपलं, पुन्हा लागलं. मग कमिटीच्या सेक्रेटरींनी कारण दिलं. ते बँकेतून निवृत्त झालेले, उंचेपुरे गृहस्थ होते आणि पुढची उजवी दांडी वर्षानुवर्षं त्यांचीच. ते आबांना म्हणाले की चौघं सारख्या उंचीचे लागतात, नाहीतर छत्र वाकडं दिसतं. आबांची उंची जेमतेम पाच फूट एक इंच.

नव्वदच्या दशकातल्या मधल्या कुठल्याशा वर्षी छत्राच्या जुन्या बांबूच्या दांड्यांना भुंगा लागला. नव्या करून देतो असं आबा आपणहून म्हणाले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या दांडीला हात लावू देत नाहीत ती फुकट करून द्यायची? पण आबांनी टिंबर मार्केटातून सागवान निवडून आणलं, दोन आठवडे काम सुटल्यावर रोज तेच करत बसले. गोल घासलेल्या, गडद पॉलिशच्या चार दांड्या. ओळखीच्या चप्पलवाल्याकडून कमरेला बांधायचे चामड्याचे चार पट्टे करून घेतले. पट्ट्याला पुढे एक खोळ, दांडीचं बूड त्या खोळीत टेकवायचं, म्हणजे वजन हातांवर येत नाही. फार विचार करून केलेलं काम होतं ते.

सणाच्या दिवशी छत्र उभं राहिलं आणि मागचा डावा कोपरा वर. चार बोटं वर. कापडाला तिकडून ताण, फादरांच्या डोक्यावर सुरकुत्या. सेक्रेटरींनी चारी दांड्या मोजायला लावल्या. तीन सारख्या आणि चौथी चार बोटं जास्त.

“काय मिस्त्री, माप घेताना डुलकी लागली होती का?” असं ते सगळ्यांदेखत म्हणाले.

लोक हसले. आबाही हसले. “चुकलं आसंल की,” एवढंच म्हणाले.

माझा विश्वास बसेना. माझ्या आबांनी बसवलेल्या दारात पोस्टकार्ड सरकत नसे. दुसऱ्याच्या कामात काटकोन मापायचा गुण्या लावून बघायचे आणि केसभर फरक दिसला तर मान हलवायचे. तो माणूस चार दांड्या सारख्या करू शकत नाही? मी घरी विचारलं, दुरुस्त का करत नाही. म्हणाले, बघू. दरवर्षी बघू. आणि दरवर्षी कोपरा वर. ज्याच्या वाट्याला चौथी दांडी यायची तो कुरकुरायचा. तिचं नावच ‘मिस्त्रीची दांडी’ पडलं. संडे स्कूलमध्ये कुणाची चित्राची चौकट वाकडी आली की मुलं ते नाव घ्यायची आणि माझ्याकडे बघायची. सात वर्षं. मी सात वर्षं ते गिळलं आणि प्रत्येक वर्षी थोडा राग त्या सेक्रेटरींवर आणि थोडा आबांवर जमा करत गेले.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. माझं डी.एड. झालं, शाळेत लागले, दोन पैसे आणि चार शब्द बोलायची हिंमत आली. त्या वर्षी सणाच्या आदल्या शनिवारी आम्ही बायका चर्च धुवायला गेलो. दांड्या मागच्या व्हरांड्यात पुसायला काढल्या होत्या. मी घरी गेले, आबांची बारीक दाताची करवत आणि गुण्या घेऊन आले. चौथी दांडी तिसरीला लावून धरली, पेन्सिलीनं रेघ मारली आणि कापली. लहानपणापासून आबांच्या हाताखाली वाढलेली मी, मला करवत धरायला शिकवावं लागत नाही. कडा घासल्या, पॉलिशचा हात फिरवला. माझं पॉलिश जरा जास्तच गडद झालं, पण तेवढं कोण बघतं. चार बोटांचा तुकडा सिस्टरांच्या पाणी तापवायच्या बंबात टाकला.

दुसऱ्या दिवशी छत्र एका पातळीत चाललं. सेक्रेटरी खूश होऊन म्हणाले की अखेर कुणीतरी डोकं चालवलं. मला वाटलं, झालं, माझ्या बापाच्या नावावरचा डाग मी पुसला. घरी आल्या आल्या मी फुशारकीनं सांगितलं.

आबा भाकरी मोडत होते. त्यांचा हात थांबला.

“तुकडा कुठाय?”

बंबात घातला, मी म्हणाले.

“बरं,” म्हणाले आणि जेवायला लागले. आई उठून मोरीत गेली आणि भांडी आपटायला लागली. मला दोघांचाही राग आला. एक शब्द कौतुकाचा निघू नये?

पुढच्या जूनमध्ये जुन्या फादरांची बदली झाली आणि नवे, तरुण फादर आले. मी ऑक्टोबरात सरळ त्यांच्या ऑफिसात जाऊन उभी राहिले. म्हटलं, दांड्या ज्यांनी केल्या त्या माणसानं आजवर एकदाही दांडी धरलेली नाही, आणि का ते तुम्ही कमिटीला विचारा. आवाज चढला होता माझा. फादर ऐकून घेत राहिले. कमिटीत सेक्रेटरींनी उंचीचा मुद्दा काढला, असं मला नंतर कळलं. फादर म्हणाले म्हणे, की तिरकं छत्र देवाला चालेल.

सणाच्या आदल्या रविवारी सूचनांमध्ये आबांचं नाव वाचलं गेलं. सगळ्यांत शेवटी, पण वाचलं गेलं. पुरुषांच्या बाजूला आबा खोकत राहिले. शनिवारी ते स्वतः पांढऱ्या शर्टाला खळ घालून इस्त्री करत बसलेले मी पाहिले. चर्चच्या वर्षाचा शेवटचा दिवस. मी म्हटलं, एक तरी वर्ष नीट संपतंय.

शोभायात्रेच्या वेळी चौघं पुढे झाले. आबा कुणी सांगायच्या आत चौथ्या दांडीपाशी गेले. माझ्या त्या जास्त गडद पॉलिशवरून त्यांनी ती ओळखली असणार. पट्टा बांधला, दांडीचं बूड खोळीत ठेवलं आणि छत्र उचललं गेलं. मागचा डावा कोपरा खाली आला. चार बोटं खाली. कापड त्या बाजूला लोंबलं. सेक्रेटरींनी मान वळवून पाहिलं. ते तोंड मी विसरणार नाही.

आबांनी एकदा खाली पाहिलं. मग दांडी खोळीतून बाहेर काढली, दोन्ही हातांनी वर उचलली आणि हवेत धरली. छत्र सरळ झालं. बाकी तिघांच्या दांड्या कमरेला टेकलेल्या आणि माझ्या बापाची दांडी, भरीव सागवान, त्यात रेशमात भरणारं वारं, सगळी नुसत्या हातांवर. यात्रा चालू लागली.

मी बायकांच्या रांगेत आईशेजारी होते. जपमाळेचं दुसरं दशक, म्हणजे दुसरे दहा मणी, चाललं होतं. आबांचे दंड थरथरायला लागलेले मला दिसत होते. मी आईला म्हटलं, असं काय करताहेत, खोळीत का ठेवत नाहीत.

आई माझ्याकडे न बघता म्हणाली, “ती चूक न्हवती. ती दांडी त्येनी सोताच्या मापानं केलती. बुटका माणूस हाय, कंबरेचा पट्टा खाली येतोय, त्येला चार बोटं जास्तीच लागत्यात, तवा छत सरळ ऱ्हातंय.”

मी मणी सोडून दिला.

“मग सांगितलं का न्हाईस मला?”

“सांगू नगो म्हणालं हुतं.”

आणि ती पुन्हा जपमाळेत सामील झाली.

मैदानापर्यंत आणि मैदानापासून परत, मी त्या चालत्या छत्राकडे बघत राहिले आणि माझ्या डोक्यात नुसता जाळ होता. त्या माणसानं आपली जागा आधीच करून ठेवली होती. पुढच्या वर्षी नक्की, असं फादर म्हणाले होते, म्हणून चारातली एक दांडी स्वतःच्या उंचीची. लोक हसले तर हसू दे, डुलकी लागली म्हणू दे, सात वर्षं लोकांची बोलणी खाल्ली पण ती दांडी कापली नाही. दरवर्षी दुसऱ्याच्या हातात ती चार बोटं वर जाताना पाहिली आणि बघू म्हणाले. सेक्रेटरींना सात वर्षांत जे जमलं नाही ते मी एका शनिवारी पंधरा मिनिटांत केलं, वर पॉलिश मारून. सेक्रेटरींचा राग यायचा, जुन्या फादरांच्या गोड हसण्याचा यायचा, तो सगळा त्या दिवशी घशाशी आला आणि फेकायला समोर मीच होते.

घरी आल्यावर आबांना चहाचा कप उचलेना. कप बशीत वाजत होता. शेवटी आईनं बशीत ओतून दिला. मी ओरडले त्यांच्यावर. सणाच्या दिवशी, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. म्हटलं, मी मूर्खासारखी येऊन सांगितलं तेव्हा तरी बोलायचं होतं, सात वर्षांत एकदा तरी बोलायचं होतं, की ही माझ्यासाठी केलीय.

आबांनी बशी खाली ठेवली.

“कसं सांगायचं? मला कुणी बोलावलंच न्हवतं की.”

त्यांनी तळहात मांडीवर उलटे ठेवले, दोन्ही लाल झाले होते. मग, माझी समजूत काढायला म्हणून असेल, किंवा खरंच त्यांना तेवढंच महत्त्वाचं वाटलं असेल, ते म्हणाले, “पर तू कापलीस ती गुण्यात कापलीस. मी बूड बघितलं. जरा बी तिरकी गेल्याली न्हाई.”

पुढच्या रविवारी फादर जांभळा झगा घालून वेदीवर आले आणि नवं वर्ष लागलं. त्या वर्षाच्या शेवटी कुणीतरी देणगी म्हणून स्टीलच्या चार दांड्या दिल्या, सगळ्या एका मापाच्या, आणि आबांना परत कुणी बोलावलं नाही. सागवानी दांड्या चर्चच्या मागच्या खोलीत उभ्या आहेत. मी गेले की चौथीचं बूड बघते. कापणी अगदी सरळ आहे.