बोडीत फेकलेल्या चॉकलेटी गोळ्या

समस्त रसिकांस कळवण्यास अत्यंत खेद वाटतो, की दोन हजार तीन साली आमच्या गावच्या दंडार मंडळाची महाराणी काळी पडू लागली.

महाराणी म्हणजे मी. अर्जुनी मोरगावजवळच्या खेड्यातला, मिशी सफाचट केलेला, दोन लेकरांचा बाप. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरली की आमची दंडार, म्हणजे रात्रभराचं नाटक, व्हायची. बायांची कामं आम्ही पुरुषच करायचो आणि माझ्यासारखी मुरडणारी राणी तालुक्यात नव्हती. मीच सांगतोय म्हणजे खरंच असणार.

त्या वर्षी पाठीवर चट्टे उठले. दवाखान्यातल्या तंत्रज्ञांनी चट्ट्यांवर कापूस फिरवून स्पर्श कळतो का ते पाहिलं आणि सांगितलं, कुष्ठरोग आहे, बारा महिने औषध घ्या, बरे व्हाल. दर महिन्याला गोळ्यांचा एक पत्ता. पहिल्या दिवसाचा मोठा डोस त्यांच्यासमोर गिळायचा, मग रोज घरी एक पांढरी, एक चॉकलेटी.

चॉकलेटी गोळीनं कातडी काळवंडते, आणि माझी काळवंडू लागलीही. औषध संपल्यावर हळूहळू उजळते, हेही त्यांनी सांगितलं होतं. पण मंडई तेवढी थांबत नाही. मग मी पांढरी खायचो आणि चॉकलेटी घरामागच्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, भिरकवायचो. पत्ता रिकामा, साहेब खूश, राणी गोरी. चट्टेही गेले. ‘उपचार पूर्ण’ लिहिलेला कागद मी बायकोला हातवाऱ्यांसह वाचून दाखवला.

चारेक वर्षांनी शाळेच्या व्हरांड्यात दुपारची तालीम चालली होती. राणी सत्त्वपरीक्षेसाठी तळहातावर कापूर पेटवते, असा प्रवेश. तालमीत चटका बसायच्या आत मी वडी झटकून द्यायचो. त्या दिवशी करंगळीच्या बाजूला कापूर जळत राहिला आणि मी उभाच.

“वा रे वा! याले म्हनतात काम!” मंडळाचे डायरेक्टर, आमचे गुरुजी, ओरडले. टाळ्या पडल्या. मी वाकून मुजरा केला. हातावर टम्म फोड आला होता. दुखत नव्हता. भीतीही वाटली नाही. हात शेजाऱ्याचा असावा तसा मी त्याच्याकडे पाहत होतो.

बायको दवाखान्यात घेऊन गेली. कानाच्या पाळीतून नमुना घेतला, जंतू सापडले.

“गोळ्या सगळ्या खाल्ल्या होत्या ना?” तंत्रज्ञांनी विचारलं.

“हो.”

“खरं सांगा. पुरं औषध घेतल्यावर हा रोग सहसा परत येत नाही.”

“चॉकलेटी तेवढ्या बोडीतल्या माशांनी खाल्ल्या, साहेब.”

“मग मासे बरे झाले असतील. तुम्ही नाही.”

माझ्या विनोदावर कोणी हसलं नाही, त्यांच्या विनोदावर मीही नाही. पुन्हा बारा पत्ते. करंगळी अजून सरळ होती. या वेळी चुकलात तर वाकेल, आणि वाकली की सरळ होईलच असं नाही, असं त्यांनी बजावलं.

घरी रोज बायकोचा पहारा. “तोंड उघडा. जीभ वर करा.” मी गिळायचो, जेवायचो, भाताच्या बांधीत कामाला जायचो. आत काही हलत नव्हतं. कातडी तव्यासारखी झाली, तेही मी आरशात बघून सोडून दिलं.

मंडई तोंडावर आली तसे गुरुजी घरी आले. मला निरखून म्हणाले, “अबे, हे काय ध्यान! महिनाभर ते चॉकलेटी बंद कर. मंडई झाली का खाय पुन्हा. तुयाबिगर राणी कोन करन?”

आता कबूल करायला हरकत नाही, माझी मान होकारासाठी अर्धी खाली गेली होती. बायको बाजूला तांदूळ पाखडत बसली होती. तिनं सूप आपटलं, तांदूळ अंगणभर उडाले.

“राणी दुसरी भेटल, गुरुजी! यांचा हात मी कोठून आनू?”