चुडेलीचा धडा

त्या डिपोटीसाहेबाची आठवण झाली की अजूनही माझ्या डोक्यात तिडीक उठते. शाळा तपासायला येणाऱ्या अधिकाऱ्याला तेव्हा आमच्याकडे डिपोटी म्हणत. पण आधी त्या पोरीचं सांगते.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. रनाळ्याच्या अलीकडे एका खेड्यात मुलींची शाळा होती आणि तिथे मी एकटी शिकवायला. ही पोर दुसरीत दोनदा नापास झालेली. पुस्तक उघडलं की तिची दातखीळ बसायची. बाप शेतकरी, सरळ माणूस. शाळेच्या दारात उभं राहून म्हणाला, "बाई, औंदा पास व्हयनी ते शाळा, नही ते वावर." मी म्हटलं, होईल पास. कशाच्या जोरावर म्हटलं, कोण जाणे.

एकदा मधल्या सुट्टीत पाहते, तर हीच मुकी पोर निंबाखाली बसून चुडेलीची गोष्ट सांगतेय आणि बाकीच्या पोरींची पाचावर धारण बसलेली. सगळ्यांना आत बोलावलं आणि तिचीच वाक्यं तिच्याच बोलीत फळ्यावर लिहिली. 'भर दुपारे विहीरवर एक बाई बसेल व्हती. तिन्हा पाय उलटा व्हतात.' ते तिने वाचलं, पण ते तर तिला पाठच होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी पुढचं मी माझ्या मनाने रचून लिहिलं. आता वाचल्याशिवाय कळणार नव्हतं. फळ्याशी उभी राहून, अक्षराखाली बोट धरून ती वाचत होती. घाबरत होती, पण थांबत नव्हती.

चुडेल झाली, झोटिंग झाला, चिंचेवरचा मुंजा झाला. होळीपर्यंत तिला क्रमिक पुस्तकही वाचता यायला लागलं. भुताखेतांवर शाळा चालवते म्हणून गावात मला नावं ठेवली गेली. ठेवोत. पुस्तकातल्या धड्यातल्या, शुद्ध भाषेतल्या गरीब गाईने दोन वर्षांत जे केलं नाही, ते उलट्या पायांच्या बाईने चार महिन्यांत केलं होतं.

परीक्षेला डिपोटीसाहेब आले. त्यांनी नेमका गाईचाच धडा काढून दिला. छापलेलं होतं, 'आमची गाय पांढरी आहे. ती गरीब आहे.' पोरीने न अडखळता वाचलं, "आमची गाय पांढरी शे. ती गरीब शे." सगळा धडा तसाच. एकही अक्षर चुकलं नाही, फक्त जिथे जिथे 'आहे', तिथे तिथे 'शे'.

साहेबांनी पुस्तक मिटलं. "हिला वाचता येत नाही. कुणीतरी पढवलेलं बोलते आहे."

अहो, पढवलेली असती तर 'आहे' म्हणाली असती. पोपट 'आहे' म्हणतो. डोळ्यांनी वाचून, मनात समजून मग तोंडाने बोललं, तरच 'आहे'चं 'शे' होतं. हे मला तिथल्या तिथे कळलं होतं, आणि तरी मी मूग गिळून बसले. माझ्याही घरी शेच बोलत. ट्रेनिंगला गेल्यावर मी ते जिभेवरून घासून काढलं होतं, आणि साहेबांसमोर ते पुन्हा तोंडात आणायची मला लाज वाटली. साहेबांचा राग येतो तो वेगळा. स्वतःचा येतो तो त्याहून कडू आहे.

निकाल कळल्यावर बाप तिला घ्यायला आला. पोर पाटी पोटाशी धरून माझ्यापुढे उभी राहिली.

"बाई, मन्हं काय चुकनं?"

"तिथे 'आहे' होतं. तू 'शे' म्हणालीस."

तिने थोडा विचार केला. "पन आहे म्हंजे शेच ना, बाई?"

मी तिला म्हटलं, "नाही."