‘जायचं’ म्हननारानं अंगठा कुठं करायचा?

आटपाट गाव होतं, वाटूरच्या अंगाला. तिथं कापूस वेचनाऱ्या आम्ही सातजणी होतो: माझी सासू, शेजारची सुगराबी, धाकटी जाऊ चंद्रा, भावकीतल्या तिघी अन् मी. निजामाच्या शेवटल्या दिवसांतले आमचे किस्से इतके साचलेत, की एक काढावा तर चार मागं लागून येतात.

गडीमाणसं तवा निजामाशी लढाया सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात गेल्ती, आमचे मालक बी. मंग तालुक्याचा कारकून कागद घेऊन आम्हा बायांकडंच आल्ता. कागदात एवढंच, की रयत हुजुरांच्या राज्यात खुशाल हाय, हिंदुस्तानात जायचं न्हाई. खाली अंगठे करा म्हनला.

सासूनं दोनदा वाचून घेतलं. "अन् ‘जायचं’ म्हननारानं अंगठा कुठं करायचा?"

त्यानं कागद उलटा करून बघितला. मागं कोरा होता. सासू म्हनली, "हितं करू का?"

*

त्याला वाटलं, सुगराबी तरी करील. तिचा भाऊ हुजुरांच्या पोलिसात. तिनं वेचता वेचताच विचारलं, "साब, पूछ रहे या बता रहे?"

"बता रहे."

"फिर मेरा अंगूठा कायकू होना?"

*

मंग कारकून चिडला. कॅम्पात गेलेल्यांची शेतं जप्त, मला म्हनला, नवऱ्याचं नाव सांग. मी म्हनलं, आमच्यात नवऱ्याचं नाव घेत न्हाईत. चंद्राचे ते थोरले दीर, तिला बी घेता येईना. सासूला म्हनला, तुझा तर पोरगा हाय. ती म्हनली, "त्याला आज्याचं नाव ठेवलंय. सासऱ्याचं नाव घेऊ व्हय?" सुगराबी म्हनली, मी तर भाईच म्हनते.

शेवटी ‘मालक बेनाम’ लिहून त्यानं उभ्या पिकासकट शेताला जप्ती लावली.

*

मंग आम्हीच मत घेतलं. जायचं असंल तिनं घागरीत सरकी टाकायची, न्हाई तिनं जवारीचा दाना. घागर उपडी केली, तर सहा सरक्या अन् एक दाना. साऱ्या सुगराबीकडं बघाया लागल्या.

सासू खेकसली, "तिच्याकडं काय बघता? दाना माझा हाय."

खरं काय ते आजवर कळलं न्हाई.

*

पुढल्या साली फौज आली, राज्य गेलं, मालक परतले. म्हनले, आपन आता हिंदुस्तानात. सासू म्हनली, "बरं झालं. पर विचारलं का कुनी?"

नवा साहेब शेतं परत द्यायला बांधावर आला. ‘मालक बेनाम’ वाचून हसला, नाव विचारलं. मालक तोंड उघडनार, तर सासूनं त्यांना हातानं थांबवलं.

"तिला विचारा."

साहेबानं मला विचारलं. मी पदर सारखा केला अन् साऱ्या शिवाराला ऐकू जाईल असं म्हनलं, "नारायण."

त्या दिवशी आमचं शेत घरी आलं.