पाठवाल्या आक्का

आक्का आमच्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा नाव सांगायच्या आधी त्यांनी पाठ दाखवली. दारातून आत आल्या, स्टूल ओढलं, भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि पदर पुढे घेऊन म्हणाल्या, "बगा. कोरी हाय. एक तीळ सुदीक न्हाय." मी पेन हातात धरून नुसती बघत राहिले. कोल्हापुरातल्या एका त्वचा-तपासणी केंद्रात मी बरीच वर्षं काम करते. माणसं इथं लाजत, कुचंबत, पुन्हापुन्हा विचारून मग पाठ उघडी करतात. ही बाई जणू पाठ पोचती करायलाच आली होती.

आमचं काम काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. उवांवरचं एक नवं लोशन बाजारात यायचं होतं. त्याआधी ते कातडीला झोंबतंय का, पुरळ उठवतंय का, हे बघायचं होतं. त्यासाठी ठणठणीत माणसं लागतात. अंगाला कसला आजार नसलेली आणि आपणहून आलेली. त्यांच्या पाठीवर लोशन घातलेल्या छोट्या टिकल्या चिकटवायच्या, शेजारी साध्या पाण्याची एक टिकली. ठरल्या दिवशी त्या काढायच्या आणि डॉक्टर मॅडमनी पाठ बघून आकडा सांगायचा. काहीच झालं नसेल तर शून्य. मग त्याच जागी नव्या टिकल्या, असं काही आठवडे. तोवर पाठीला पाणी नाही, तेल नाही, घाम गाळायचा नाही. आणि मधेच नकोसं झालं तर कारण न देता सोडून जायची मोकळीक. ही मोकळीक मी प्रत्येकाला नीट समजावून सांगते. आक्कांना सांगत होते तर त्या माझ्या केसांकडे टक लावून बघत होत्या. माझं बोलणं संपल्यावर म्हणाल्या, "तुमच्यात न्हाईत."

उवा! माझ्या डोक्यात उवा नाहीत असा निकाल देऊन मोकळ्या झाल्या. मला हसावं की रागवावं ते कळेना.

ती त्यांची सवयच होती. आक्का एका शाळेत मुलांचं जेवण शिजवायच्या. भांडी आवरून झाली की मुलींना व्हरांड्यात ओळीनं बसवायच्या आणि फणी घेऊन एकेकीचं डोकं मांडीवर घ्यायच्या. शाळेनं त्यांना हे काम सांगितलं नव्हतं. त्यांना विचारलं तर म्हणायच्या, "डोसकं खाजत आस्लं तर गणित कुटलं शिरतंय?" आमच्याकडे आल्यावर वेटिंगमधल्या इतर बायकांची डोकीही त्यांच्या नजरेतून सुटायची नाहीत. एका कॉलेजच्या मॅडमना त्यांनी सगळ्यांदेखत फणी देऊ केली होती. त्या मॅडम पुन्हा आमच्याकडे फिरकल्या नाहीत.

आल्या का होत्या, हे मला उशिरा कळलं. शाळेतल्या एका मुलीच्या आईनं उवांसाठी सीताफळाच्या बिया वाटून डोक्याला लावल्या. घरोघरी करतात तसंच. धुताना ते पाणी पोरीच्या डोळ्यांत गेलं. पोर गुरासारखी ओरडत होती, असं आक्का सांगायच्या आणि सांगताना स्वतःचे डोळे चोळायच्या. एका डोळ्यानं तिला अजून धुरकट दिसतं. तेव्हापासून आक्कांनी ठरवलं होतं, की औषध आलं पाहिजे आणि आधी ते आपल्या अंगावर बघायचं. "पोरींच्या डोसक्याला मागनं. आदी माजी पाट," असं त्या डॉक्टर मॅडमना तोंडावर म्हणाल्या. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. एवढी सरळ गोष्ट आमच्या कुठल्याच मीटिंगमध्ये कुणी बोललं नव्हतं.

पण बाई जितकी निश्चयाची तितकीच अवलिया. पहिल्या फेरीच्या मध्यावर जोतिबाची यात्रा आली. आक्का जाणार नाहीत असं होणंच शक्य नव्हतं. मी बजावलं, गुलाल पाठीवर पडला तर लाली कशी बघायची? दोन दिवसांनी त्या आल्या त्या नखशिखांत गुलाबी. कान गुलाबी, भुवया गुलाबी. मी कपाळाला हात लावला. त्या शांतपणे बसल्या, पाठ उघडी केली, तर पाठ स्वच्छ! "मालकांचा रेनकोट घालून गेलते की," म्हणाल्या. चैत्राच्या उन्हात डोंगरावर रेनकोट! आत घामाच्या धारा लागून सगळ्या टिकल्या सुटून ब्लाउजमध्ये गोळा झाल्या होत्या. फेरी वाया गेली, पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. आक्कांचं तोंड एवढंएवढंसं झालं. त्या दिवसापासून त्या पाठीला काचेच्या भांड्यासारखं जपायला लागल्या. बसमध्ये टेकून बसत नसत, पालथ्या झोपत. शेजारणींना सांगत, "माजी पाट सद्या कामावर हाय."

आता आक्का आमच्याकडे येत नाहीत. त्या वयाच्या अटीत बसत नाहीत, म्हणून मला नाइलाजानं नाही म्हणावं लागलं, तेव्हा माझ्याशी कडकडून भांडून गेल्या. पण नवीन माणूस पाठ उघडी करताना अवघडला, की मला त्याच आठवतात. त्यातही तो एक आठवडा. 

शेवटच्या टिकल्या काढायचा दिवस होता. आक्का सकाळीच आल्या. लुगडं चुरगळलेलं, अंगाला धुराचा आणि घामाचा वास, डोळे कोरडे ठक्क. मी विचारलं, बरं नाही का. त्या स्टुलावर बसल्या, नेहमीसारखी पाठ केली आणि म्हणाल्या, "धाकटा भाऊ गेला परवा. छातीत कळ आली आन् गेला. तुमी आदी ह्ये बगून घ्या."

 मॅडमनी टिकल्या काढल्या. एकीचीही कड उचललेली नव्हती. सगळीकडे शून्य. मग आक्का सांगत गेल्या आणि आम्ही दोघी ऐकत उभ्या राहिलो.

त्यांचं माहेर गडहिंग्लजच्या अलीकडच्या एका गावात. निरोप आल्यावर मिळेल त्या एस.टी.नं त्या गेल्या. थोरली बहीण आली म्हणून बायका गळ्यात पडायला धावल्या. आपल्याकडे अशा वेळी पाठीवर हात फिरवूनच रडतात. आक्कांना टिकल्यांची आठवण झाली आणि त्या चटकन मागे सरल्या. म्हणाल्या, पाठीला हात लावू नका. भावाचं मढं समोर, आणि बहीण गळ्यात पडू देत नाही! पुढे मयत नेलं, घर धुतलं, बायका आंघोळीला बसल्या. आक्कांनी वाकून डोकं धुतलं, हातपाय धुतले, पाठीला पाण्याचा थेंब लागू दिला नाही. कोरडी पाठ भावजयीनं, त्या गेलेल्या भावाच्या बायकोनं, पाहिली. मढ्याला शिवून आंघोळ नाही, म्हणून कल्लोळ झाला. शेवटी आक्कांनी खरं ते सांगितलं, की पाठीवर औषध लावलंय.

आणि तिथंच सगळं नासलं. पाठीवर औषध म्हणजे रोग. हात लावू देत नाही म्हणजे तसलाच रोग, महारोग. त्यांना गोठ्याच्या कडेला बसवलं. ताट वेगळं, तांब्या वेगळा. निघताना भावजयीनं सांगितलं, घरात लग्नाची पोर आहे, दिवसकार्याला येऊ नका, आणि नंतरही नको.

 मॅडमचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. "आक्का, फोन का नाही केलात? कधीही सोडता येतं हे सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"म्हणून तर केला न्हाय," आक्का म्हणाल्या. "तुमी काढा म्हणला आसता. रेनकोटाच्या येळंला एकदा माज्यामुळं वाया गेलं. परत परत कसं?"

 मॅडम म्हणाल्या, झालं ते झालं, आता घरी जाऊन आधी आंघोळ करा. तर आक्कांनी नकाराची मान हलवली. पुरळ कधीकधी उशिरा उठतं, म्हणून दुसऱ्या दिवशी पाठ शेवटची एकदा बघायची राहिली होती, ते त्यांच्या पक्कं ध्यानात. आणि शिवाय म्हणाल्या, "हितं आंगूळ करून काय उपेग? ती भावाच्या दारात करायची आस्ती."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी स्वतःची गाडी काढली. आक्का पुढे ताठ बसलेल्या, मी मागे. पाठ तिथंच, घरात आडोशाला बघायचं ठरलं होतं. मला वाटत होतं, मोठी डॉक्टर स्वतः जाऊन सांगतेय म्हटल्यावर प्रश्न मिटलाच. कसलं काय! गाडी दारात थांबली, मॅडमची बॅग दिसली, आणि बसलेल्या बायकांनी पदर नाकाला लावले. आक्कांची भावजय, तिला सगळे वहिनी म्हणत, उंबऱ्यातूनच म्हणाली, "डाक्टर बी आली. म्हंजे खरंच हाय म्हणायचं."

मी चाटच पडले. आम्ही रोग नाही हे सांगायला आलो, आणि आमच्या येण्यानंच रोग पक्का झाला! मॅडम पायरीखाली उभ्या राहून समजावत होत्या. वहिनीनं सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "चांगल्या अंगाला औशद कोण लावून घेतं?" मी मधे पडून शाळेच्या पोरींचं, सीताफळाच्या बियांचं सांगायला गेले. एक म्हातारी म्हणाली, या पावण्या पगारी आहेत, असंच बोलणार. रागानं माझे कान तापले. पण त्यांच्या जागी मी असते तरी माझा विश्वास बसला असता का, कोण जाणे.

 आक्का कुणाला न विचारता घराला वळसा घालून मागच्या परड्यात गेल्या. तिथं धुण्याचा दगड होता. त्यावर बसल्या, सगळ्यांकडे पाठ केली आणि हुकूम सोडल्यासारखं म्हणाल्या, "मॅडम, हितंच बगा. उनात. समद्यांच्या म्होरं."

मॅडम हबकल्या. असं चारचौघांत आम्ही कधी करत नाही, करूही नये. त्या वाकून हळू आवाजात तेच सांगत होत्या. आक्का हलेनात. शेवटी मी पुरुषमाणसांना पुढच्या दारी पाठवलं आणि मॅडम खाली गुडघ्यावर बसल्या. भर उन्हात ती सावळी, रुंद पाठ आणि तिच्यावर मी पेनानं आखलेले चौकोन. मॅडम एकेका चौकोनावर बोट ठेवत मोठ्यानं सांगायला लागल्या, "शून्य. शून्य." मी लिहून घेत होते. बायका एकेक पाऊल पुढे सरकत होत्या. एका जागी मॅडम जरा थांबल्या, जवळून पाहिलं, तेव्हा बायकाही वाकल्या. "शून्य," मॅडम म्हणाल्या.

"शून्य म्हंजे काय?" वहिनीनं विचारलं.

"म्हणजे काही नाही," मॅडम म्हणाल्या. "कसलाही रोग नाही. ही पाठ तुमच्या-माझ्यासारखीच आहे."

वहिनी पुढे आली. आधी एक बोट टेकवलं आणि पटकन काढून घेतलं. मग अख्खा तळवा ठेवला. बराच वेळ तो तसाच ठेवून उभी होती. माफी मागितली नाही, काही नाही. तशीच वळली, चुलीवरचं पाणी बादलीत ओतलं, गार पाण्याचं विसण घातलं आणि बादली दगडाजवळ आणून ठेवली.

तेव्हाही आक्कांनी मान वळवून विचारलं, "मॅडम, झालं न्हवं तुमचं? आता पाणी चालंल?"

 मॅडमनी मान डोलावली.

वहिनीनं पहिला तांब्या पाठीवर ओतला आणि आक्कांनी भावाच्या नावानं असा हंबरडा फोडला की पुढच्या दारचे पुरुष धावत आले. इतके दिवस ती बाई रडलेली नव्हती, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. तिला जवळ घेतलंच नव्हतं कुणी. वहिनी दुसरा तांब्या ओतत होती, तो तिच्या हातातून सुटला.

"रडा वन्सं," ती म्हणाली, "आता रडा." आणि त्या ओल्या पाठीला मिठी घालून खाली चिखलात बसली.