साडूभाऊंच्या दोन वाटा

माझ्या साडूभाऊंइतका निर्णय घ्यायला घाबरणारा आणि तरीही कुठेच न अडणारा माणूस अख्ख्या मावळात दुसरा सापडायचा नाही. तुंगार्लीतल्या एका हॉटेलात ते जुन्या पाहुण्यांना मोबाइलवर निरोप धाडायचं काम बघतात. धाडतं खरं तर सॉफ्टवेअर; ते डोळे मिटून पाहुण्यांची नावं दोन वाटांना लावतं. एका वाटेला 'धुकं बघायला या', दुसरीला 'गरम भजी खायला या'. जास्त माणसं आणील ती वाट खरी. "यात आपली आवडनिवड मधे येत नाही आणि आपल्याला कुणी बोल लावू शकत नाही," असं ते मला चिक्की चघळत समजावतात. बोल लागू नये, ही त्यांची जन्माची काळजी.

ही सवय त्यांनी घरी आणली तेव्हा मेहुणीने कपाळाला हात लावला. वास्तुशांतीचं आमंत्रणही दोन वाटांनी गेलं: निम्म्यांना साडेबाराचं जेवण, निम्म्यांना दोनचं. लोकांना कुठली वेळ रुचते ते त्यांना बघायचं होतं. पहिल्या वाटेच्या लोकांनी जिलेबीचा फडशा पाडला आणि दुसऱ्या वाटेला लागलेला मी मठ्ठा पिऊन घरी आलो. "तुमचं नाव तिकडे पडलं, त्याला मी काय करणार?" साडूभाऊ शांतपणे म्हणाले. एकदा पडलेलं नाव हलवायचं नाही, हा त्यांचा नियम. सख्खे मेहुणे रुसले तरी त्यांनी तो मोडला नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. शिरगावला त्यांचे थोरले भाऊ, दादा, असतात. दादांनी बांधावरचं आंब्याचं झाड तोडलं, त्यावरून दोघांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. मुलगी लहानपणी या काकांच्या खांद्यावरून खाली उतरत नसे. तिचं मागणं एकच होतं, काका लग्नाला हवेत. साडूभाऊंना बोलवायचा धीर होईना आणि न बोलवायचाही होईना. शेवटी माझ्यासमोर त्यांनी एक वाट आमंत्रणाची केली, एक गप्प बसण्याची, आणि दादांचं एकट्याचं नाव त्यात सोडलं. ते गप्प बसण्याच्या वाटेला गेलं. मग माझी नजर चुकवून साडूभाऊंनी नाव पुन्हा सोडलं. पुन्हा तेच. जन्मात पहिल्यांदा मोडलेला नियमही फुकट गेला. "चला, स्कूटर काढा," लॅपटॉप मिटत ते म्हणाले.

दादा ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. साडूभाऊ खाली मान घालून म्हणाले, "दादा, पोरीचं लग्न ठरलंय. तू यायला पाहिजे."

दादा शेंगा फोडतच राहिले. "समद्यांना मोबाइलवर धाडतोस म्हणं?"

"हो."

"मंग हितं कशापायी आलास?"

साडूभाऊंचे डोळे भरून आले. दादांनी सरकून बाजूला जागा केली. "बस. शेंगा खा. पोरगी लय मोठी झाली आसंल."

लग्नात दादा पहाटेपासून मांडवात होते. साडूभाऊ अजूनही सगळ्यांना दोन वाटांना लावतात, माझंही नाव त्यात आहे. दादांचं तेवढं त्यांनी काढून टाकलंय. तिकडे ते स्वतः जातात, माझ्या स्कूटरवर मागे बसून. दादा आता फार थकलेत, कानाने कमी ऐकतात. परतताना घाटाच्या वाऱ्यात साडूभाऊ मागून म्हणतात, "चूक माझीच. मी आधीच यायला हवं होतं." बोल लागू नये म्हणून आयुष्यभर जपलेला माणूस आता स्वतःलाच बोल लावतो. मी आपली स्कूटर जरा हळू चालवतो.