थंडीत जागे होणारे कूळ

खीवा शहरातल्या ओल्लाबेर्गनआजोबांकडे वाडवडिलांच्या खरबुजाचे शेवटचेच मूठभर बी उरले होते. त्याची रोपे ते रोज सायंकाळी घटकाभर गार वाऱ्यात ठेवीत.

"माराल बिचाऱ्यांना," आयसुलुवआजी करवादत.

"सवय होऊ दे गं."

लावणीनंतर अवचित कडाक्याचे हीव पडले. सकाळी शेजाऱ्यांच्या शेतातली रोपे काळवंडलेली होती; ही मात्र ताठ उभी होती.

प्रयोगशाळेत काम करणारी नात म्हणाली, "आजोबा, यांच्या आत जनुकांचं अख्खं कुटुंब असतं. गारवा लागला की एक दुसऱ्याला उठवतं, मग सगळी मिळून रोप सांभाळतात."

"आमच्याकडे तुला एकटीला उठवता उठवता दुपार होते," आजी म्हणाल्या.

आजोबा मात्र हसले नाहीत. छातीवर हात ठेवून, थोरांना करावा तसा विनम्र सलाम त्यांनी त्या चिमुकल्या रोपांना केला.