तीन पिढ्या वाटेतच

बडोद्याच्या हरणी भागातल्या आमच्या घराची वरची खोली आम्ही भाड्याने द्यायला काढली, तेव्हा आम्ही दोघंही नुकतेच निवृत्त झालो होतो. मी शाळेत इतिहास शिकवत असे, हे नंदेसरीला एका केमिकल कारखान्यात होते. मुलगा पुण्याला गेल्यामुळे खोली रिकामीच होती. आहारशास्त्र शिकायला आलेली एक परदेशी मुलगी राहायची जागा शोधते आहे, असं ओळखीच्या एका प्राध्यापक बाईंनी सांगितलं, आणि ती आली. उंच, काळीभोर, केसांच्या बारीक बारीक वेण्या घातलेली.

दुसऱ्याच दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी दारात हजर.

"बेन, आ छोकरी क्यांनी छे?"

"डॉमिनिकन रिपब्लिकची," मी म्हटलं. "अमेरिकेच्या खाली बेटं आहेत ना, तिथली."

"आफ्रिकन लागे छे."

"लागू दे. भाडं वेळेवर देईल."

ते कुरकुरत गेले. मुलगी मात्र लवकरच रुळली. शेजारच्या मुलांचं ऐकून मला काकू म्हणायला लागली. स्पॅनिश तिची स्वतःची भाषा. माझ्याशी ती इंग्रजीत बोलायची आणि मधूनच हिंदी, गुजराती, मराठीचे तुकडे घालायची. आमच्या बडोद्याच्या मराठीत तरी दुसरं काय असतं!

एकदा मी तिला खंडेराव मार्केटात घेऊन गेले. भाजीवालीकडे बोट न दाखवता नाव घेऊन मागायचं, असं तिने ठरवलं होतं. "कोतमीर," ती म्हणाली. भाजीवाली हसली. जुडी तिच्या नाकासमोर धरून म्हणाली, "कोतमीर नहीं, कोथमीर! फरी बोलो तो, बेन!" आजूबाजूचे दोघेतिघेही हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. पण मुलीचा चेहरा एकदम उतरला. तिने जुडी घेतलीच नाही, सरळ बाहेर चालायला लागली. मी पिशवी सावरत मागे धावले.

बाहेर कट्ट्यावर बसून तिने मला सांगितलं ते आजीकडून ऐकलेलं होतं. तिचे आजोबा हैतीचे. एकाच बेटाच्या दोन भागांत हे दोन देश. पलीकडे डॉमिनिकन बाजूला परदेशी कंपन्यांनी साखर कारखाने काढले, तेव्हा ऊस तोडायला स्वस्तातली माणसं हवी होती. ती हैतीतून आणली, ट्रकांत भरभरून. आजोबा त्यातच आले. कारखान्याच्या जमिनीवरच्या वस्तीत, पत्र्याच्या खोल्यांत त्यांना ठेवलं. आजोबांचा थोरला भाऊ मात्र सरहद्दीजवळ थोडी जमीन कसून राहत होता.

"मग तिथल्या हुकूमशहाने ठरवलं की सरहद्दीवर हैतीची माणसं फार झाली," ती म्हणाली. "सैनिक हातात एक पालेभाजी धरायचे. तुमच्या कोथिंबिरीसारखीच दिसते. विचारायचे, हे काय आहे? हैतीच्या माणसाला त्या भाजीच्या स्पॅनिश नावातला 'र' स्पॅनिश लोकांसारखा म्हणता येत नाही. ज्याला म्हणता आला नाही, त्याला कोयत्याने मारायचे. आजोबांच्या भावाला तसंच मारलं, असं आजी सांगायची."

"आणि आजोबा?"

"ते कारखान्याच्या हद्दीत होते. तिथल्यांना हात लावला नाही. ऊस तोडायचा होता ना, काकू."

मी आयुष्यभर इतिहास शिकवला. लढाया, तह, सनावळ्या. ह्या कत्तलीतलं एक अक्षर मला माहीत नव्हतं. पण माझं अज्ञान ही काही मोठी गोष्ट नाही. मला चीड आली ती त्या हिशेबी दयेची. हंगाम यायचा होता म्हणून माणूस जिवंत ठेवायचा!

माझे आजोबाही बोलावून आणलेलेच. संस्थानाला कारभारी हवे होते म्हणून कोकणातून बडोद्याला आले. त्यांना बसायला खुर्ची मिळाली, राहायला घर, म्हातारपणी पेन्शन. गुजरात राज्य वेगळं झालं तेव्हा मी शाळेत होते. वडील सरकारी नोकरीत होते. त्यांच्याबरोबरीचा एक जण त्यांना कचेरीत म्हणाला होता, "हवे तमे तमारा महाराष्ट्रमां जाव." वडील घरी आले, चहा घेतला आणि आईला म्हणाले, "कुठल्या महाराष्ट्रात जाऊ? माझा जन्म इथल्या सूरसागर तळ्याच्या काठचा आहे." पुढे ते बडोद्यातच निवृत्त झाले, बडोद्यातच गेले. त्यांचा जन्म कुठला म्हणून कधी कुणी पुरावा मागितला नाही. टोमण्यावर भागलं. ज्याला खुर्चीवर बसवायला आणलं आणि ज्याला कोयता देऊन उसात उभं केलं, त्या दोघांच्या नातवंडांच्या नशिबात एवढा फरक पडतो, हे मला त्या मुलीमुळे कळलं.

तिचे वडील त्या वस्तीतच जन्मले, तीही तिथलीच. त्या देशाच्या घटनेप्रमाणे तिथे जन्मलेलं मूल तिथलं नागरिक. वगळायची ती फक्त परदेशी राजदूतांची मुलं आणि वाटेतल्या प्रवाशांची. तिचा जन्म नोंदवला गेला होता. पासपोर्ट काढताना कुणी काही विचारलं नव्हतं. बडोद्याला आल्यावर त्याची मुदत संपत आली. नव्यासाठी जन्मदाखल्याची ताजी प्रत लागत होती, म्हणून तिची आई तिकडच्या नोंदणी कचेरीत गेली.

आमच्याकडे संध्याकाळ झाली की तिकडे सकाळ असायची. स्वयंपाकघरात माझ्याशेजारी उभी राहून ती आईला फोन करायची. त्या दिवशी बोलता बोलता तिचा आवाज चढत गेला आणि मग बंदच झाला. मी गॅस मंद केला.

"काय झालं?"

"कारकुनाने आडनाव बघितलं आणि दाखला बाजूला ठेवला. म्हणाला, ह्याची चौकशी होणार आहे."

"कसली चौकशी? तू जन्मलीस ना तिथे?"

"तो म्हणाला, माझे आजोबा वाटेत होते. म्हणून वडीलही वाटेत, आणि मीही."

"वाटेत म्हणजे?"

"ट्रान्झिट, काकू. विमानतळावर बसतात ना दुसऱ्या विमानाची वाट बघत, तसे. आजोबा चाळीस वर्षं ऊस तोडत होते. त्यांना तिथेच पुरलं आहे."

जेवताना ह्यांनी तो शब्द दोनदा पुटपुटला. मग म्हणाले, "पुरलेला माणूस कुठे निघालाय म्हणे?"

मी तिच्याबरोबर दिल्लीला गेले. तिच्या देशाच्या वकिलातीतला माणूस सभ्यपणे बोलला, कॉफीही दिली. दाखला तिकडून आल्याशिवाय इथे काहीच करता येत नाही, म्हणाला. मग आवाज खाली आणून त्याने सुचवलं, हैतीच्या लोकांकडे विचारून बघा. ती म्हणाली, "मी हैती कधी पाहिलेलीसुद्धा नाही. तिथली भाषा मला आजीपुरती येते." त्याने आमचे कागद फाइलीत घालून परत सरकवले. त्याच्याशी भांडून उपयोग नव्हता. ज्याच्याशी भांडावं असं कुणी समोर येतच नाही, हीच तर त्या व्यवस्थेची सोय.

इथे व्हिसाला वैध पासपोर्ट हवा, तिथे पासपोर्टला दाखला हवा. तिने प्रबंध पुरा केला, तोंडी परीक्षाही दिली. शेवटी वकिलातीकडून एकदाच घरी परतण्यापुरता एक कागद तिला मिळाला. अहमदाबादच्या विमानतळावर आम्ही दोघं सोडायला गेलो. ती ह्यांच्या पाया पडली, मला घट्ट धरून उभी राहिली. आत जाताना म्हणाली, "ह्या कागदावर मला आत घेतील. पुन्हा बाहेर सोडणार नाहीत."

तसंच झालं. ओळखपत्र नाही म्हणून नोकरी नाही. पदव्युत्तर शिक्षण घेतलेली मुलगी एका खाणावळीत भांडी घासत होती. त्यातच तिथल्या वरिष्ठ न्यायालयाचा निकाल आला. कारकून म्हणाला होता तेच न्यायाधीशांनी म्हटलं, फक्त जास्त पानांत. हैतीहून आलेल्यांच्या मुलानातवंडांना नागरिकत्व नाही, आणि हे मागच्या कित्येक दशकांपासून लागू. मेलेल्यांनासुद्धा लागू. माणूस गुन्हा करतो तेव्हा सरकारला निदान तो सिद्ध करावा लागतो. इथे जन्मणं पुरलं.

बाहेरच्या देशांनी ओरड केली, मग तिथल्या सरकारने मेहेरबानी म्हणून कायदा आणला. ज्यांचा जन्म पूर्वी नोंदवला होता त्यांचे कागद तपासून परत द्यायचे. खूप खेटे घातल्यावर तिला ओळखपत्र मिळालं. नोंद मात्र वेगळ्या वहीत, इतरांपासून बाजूला. फोनवर ती म्हणाली, "काकू, मी पुन्हा नागरिक झाले. अधिकारी म्हणाला, सरकारचे आभार मान."

"मानलेस?"

"मानले. कार्ड त्याच्या हातात होतं."

तिचा धाकटा भाऊ मात्र राहून गेला. हिच्या वेळी कारखान्याच्या कार्डावर नोंद झाली होती; तो जन्मला तेव्हा आईकडे सरकारी ओळखपत्र नाही म्हणून दवाखान्याने जन्माचा कागद दिला नव्हता. कायदा म्हणत होता, अशांनी स्वतःला परदेशी म्हणून नोंदवावं, मग पुढे बघू. तो म्हणाला, "मी परदेशी नाही. तशी सही करणार नाही." बहिणीने समजावलं, आई रडली. तो बधला नाही. गवंडीकाम करत राहिला. एका सकाळी कामावर जाताना त्याला परदेशी नागरिकांना पकडणाऱ्या गाडीत चढवलं. तो घडाघडा स्पॅनिश बोलत होता, आईला फोन करू द्या म्हणत होता. रंग बघून उचलला होता, भाषा कोण ऐकणार? त्याच दिवशी सरहद्दीपलीकडे, हैतीत, त्याला सोडून दिलं.

तिथे तो एका गॅरेजमध्ये राहिला. तिथली माणसं त्याला डॉमिनिकन म्हणतात, म्हणे. वाईट वागत नाहीत, पण हाक तशीच मारतात.

आता मुलगी सरहद्दीजवळच्या गावी एका दवाखान्यात आहारतज्ज्ञ आहे. आईलाही तिने तिकडेच नेलं. त्या गावात ठरलेल्या दिवशी दोन्ही देशांचा बाजार भरतो, तेव्हा सरहद्दीच्या पुलावरचं फाटक उघडतं आणि पलीकडची माणसं माल घेऊन अलीकडे येतात. भाऊ त्यांच्यात मिसळून येतो. एका तांदळाच्या दुकानामागे तिघं बसतात. आई घरून भात, घेवड्याची उसळ आणि तळलेली केळी डब्यात घालून आणते. शिपाई शिट्टी मारायला लागले की तो उठतो. गेल्या वेळी आईने त्याला अजून थोडा भात वाढला होता. तो डबा तसाच हातात घेऊन पुलाकडे गेला, असं तिने मला परवा फोनवर सांगितलं.